प्ले बटण दाबणं म्हणजे वाजवणं नव्हे!

'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? जत्रेतलं स्टेज, चमकीचा कोट घातलेला निवेदक, किशोरकुमारच्या आवाजात गाणारा एखादा हौशी गायक आणि समोर "वन्स मोअर" म्हणून बोंबलणारी पब्लिक. आपल्या भाषेत ऑर्केस्ट्रा म्हणजे हाच. चर्चगेटला उतरून नरीमन पॉइंटच्या एनसीपीएत गेलात की तिथला ऑर्केस्ट्रा वेगळा. पन्नास-साठ वादक, प्रत्येकासमोर छापील कागद, पुढे एक कंडक्टर. कागदावर नाही तो सूर वाजत नाही.

या दोघांखेरीज तिसरा एक प्रकार आहे. लिहून आणलेलं संगीत, त्याच क्षणी सुचलेलं संगीत आणि सर्किटमधून तिथल्या तिथे घडणारा आवाज, असे तिन्ही एकाच स्टेजवर. तो आपल्या गॅदरिंगमध्ये व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. हसू नका, आधी वाचा.

सुरुवात मोठ्या उदाहरणाने करू. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली एनसीपीएत सुरू झाला. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह यांनी तो उभा केला. याच ऑर्केस्ट्राने २०१५ साली झेन दलाल यांच्या संचालनाखाली उस्ताद झाकीर हुसेन यांची 'पेशकार' ही रचना प्रथम सादर केली. तबला आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा! पेशकार म्हणजे तबल्याच्या एकल वादनाची सुरुवात, जिथे वादक ठेका उलगडत उलगडत जागच्या जागी नवं काहीतरी मांडत जातो. आता गंमत बघा. ऑर्केस्ट्राचा भाग कागदावर पक्का, पण तबलजीला मोकळी जागा ठेवलेली. २०१९ मध्ये हा ऑर्केस्ट्रा इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तिथेही 'पेशकार' वाजली. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. ऑर्केस्ट्राचे कागद जागेवर आहेत. त्या मोकळ्या जागेत ते दर वेळी जे वाजवत होते ते मात्र त्यांच्याबरोबर गेलं. नवा तबलजी आला तर त्याला ती जागा स्वतःच भरावी लागेल. मला तर वाटतं, त्या रचनेचं मोठेपण याच रिकाम्या जागेत आहे.

यात अवघड काय? आपल्याच भाषेत सांगतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजच्या एका टोकाचा ढोल दुसऱ्या टोकाला, समजा १७ मीटरवर, सुमारे ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. द्रुत लयीत एवढा उशीर चांगलाच खटकतो. म्हणून मोठ्या ऑर्केस्ट्रात नुसतं कानावर विसंबून चालत नाही, कंडक्टरच्या हाताकडे बघावं लागतं. प्रकाश काही उशीर करत नाही. पण तबलजी ऐन वेळी वेगळ्याच वाटेने निघाला तर? तर कंडक्टरने त्याचं ऐकायचं आणि बाकीच्यांनी कंडक्टरकडे बघायचं. म्हणजे अख्खी सिस्टीम एका माणसाच्या कानावर चालते. कंट्रोल सिस्टीमचा पेपर दिलेल्यांना फीडबॅक म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आता यात इलेक्ट्रॉनिक्स घाला. जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेन याने १९६४ मध्ये 'मिक्सतूर' नावाची रचना केली. त्याने ऑर्केस्ट्राचे पाच गट केले आणि त्यातल्या चार गटांचा आवाज माइकमधून घेऊन रिंग मॉड्युलेटरमध्ये सोडला. रिंग मॉड्युलेटर! कम्युनिकेशनच्या लॅबमध्ये चार डायोड आणि दोन ट्रान्सफॉर्मर घेऊन आपण ज्याच्यावर जर्नल पूर्ण करतो, तोच. वाद्याचा सूर ४४० हर्ट्झ आणि जनरेटरचा १०० हर्ट्झ असेल, तर बाहेर येतात ५४० आणि ३४०, बेरीज आणि वजाबाकी. मूळ सूर गायब! व्हायोलिन एकदम घंटेसारखं वाजायला लागतं. आपण तो वेव्हफॉर्म सीआरओवर बघतो, वहीत काढतो, सही घेतो. कानाने ऐकलाय कुणी?

हे सगळं परदेशातच होतं, असंही नाही. आपल्या पश्चिम रेल्वेच्याच रुळावर बघा. १९६९ हे साल मोठं मजेशीर आहे. त्या वर्षी आपल्या शेजारचा तारापूरचा अणुवीज प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईत एनसीपीएची स्थापना झाली, ती जमशेद भाभांच्या पुढाकाराने. अणुऊर्जावाल्या होमी भाभांचे हे धाकटे बंधू. आणि त्याच वर्षी अहमदाबादच्या एनआयडीत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर लावून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. मुंबई, तारापूर, अहमदाबाद. तिन्ही एका लाइनीवर, आपण मधल्या स्टेशनावर. तो स्टुडिओ काही वर्षांतच बंद पडला. तिथल्या टेप कपाटात राहिल्या आणि त्या जगापुढे यायला पुढे चार-पाच दशकं गेली.

सिनेमावाले तर याहून आधीचे. १९५४ च्या 'नागिन'मध्ये सगळा देश ज्या पुंगीवर डोलला, ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेवरच्या वाद्यावर ती वाजवली होती. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जग म्हणू लागलं, अरे, हे तर काळाच्या पुढचं होतं!

आता घरी या. मी दांडीचा. आमच्याकडे हळदीला बेंजो वाजतो. शहरातल्या मुलांना सांगतो, हा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. मूळ जपानमधल्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. त्याला पिकअप बसवलेला, आवाज ॲम्प्लिफायरमधून, जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. वाजवणाऱ्याचा डोळा नाचणाऱ्यांच्या पायावर असतो. नवरदेवाची आत्या मैदानात उतरली की लय बदलते. म्हातारी मंडळी दमली की चाल उतरते. कागद नाही, पेनड्राइव्ह नाही. हे लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स नाही तर काय आहे?

रेल्वेच्या पलीकडे, पूर्वेला, डोंगराकडे जा. तिथे तारपा आहे. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. तारपकरी श्वास न तोडता वाजवत राहतो आणि त्याच्याभोवती फेर फिरतो. त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आलं, तेव्हा पेपरवाल्यांनी तारप्याचे फोटो छापले. चांगलंच झालं. पण फोटोला आवाज नसतो.

आणि आपण काय करतो? गॅदरिंगला तारपकऱ्यांना बोलावतो ते गेटवर, पाहुण्यांच्या स्वागताला. दहा मिनिटं वाजवून घेतो, पाहुणे आत गेले की त्यांना वडापाव देऊन मोकळं करतो. मग हॉलमध्ये साऊंडवाला लॅपटॉप उघडतो, प्ले दाबतो आणि आपण नाचतो. त्या लॅपटॉपला आपण नाचतोय की जेवायला गेलोय, याचा पत्ता नसतो. सगळ्यात मोठा खर्च त्याच्यावर. आणि हे सगळं इंजिनिअरिंग कॉलेजात, जिथे एक अख्खा विभाग इलेक्ट्रॉनिक्सचा आहे!

माझं भांडण डीजेशी नाही. समोरच्या गर्दीकडे बघून वाजवणारा चांगला डीजे हा कलाकारच. भांडण आहे ते न ऐकणाऱ्या यंत्राशी. जे यंत्र ऐकत नाही त्याला वाद्य म्हणू नका, ते कपाट आहे. त्यात कुणाचं तरी आधीच वाजवून झालेलं ठेवलेलं असतं.

यावर मित्र म्हणतात, "अरे, तारप्याचं सॅम्पल घे, लूप लाव, काम झालं!" नाही झालं. लूप केलेला तारपा श्वास घेत नाही आणि तो वाजवणाऱ्याला मानधनही मिळत नाही. शिवाय प्रत्येक तारपा हाताने केलेला, त्यामुळे त्याचा सूर कीबोर्डच्या पट्टीत बसेलच असं नाही. इथेच आपली परीक्षा आहे. तारपा कीबोर्डला लावायचा की कीबोर्ड तारप्याला? कीबोर्डला ट्यूनिंगची सोय असते. ती वापरायला दोन मिनिटं लागतात, पण त्यासाठी आधी समोरच्याचं ऐकावं लागतं.

दुसरा आक्षेप, "पब्लिक बसणार नाही." खरं असेल. पण पब्लिक आजवर जे ऐकत आली तेच आपण तिला वाढलं. एकदा दुसरं वाढून तर बघू!

तर माझी सूचना अशी. पुढच्या गॅदरिंगला एक संध्याकाळ, फक्त ४५ मिनिटं. एक तारपकरी, एक बेंजोवाला आणि आपल्या होस्टेलमधले व्हायोलिन, बासरी, गिटार, ढोलकी वाजवणारे दहा-बारा जण. या दहा-बारा जणांचा भाग लिहून काढायचा आणि तालीम करायची. तारपा आणि बेंजोला मोकळी जागा ठेवायची. रिंग मॉड्युलेटर आणि डिले तिसऱ्या वर्षाने मिनी प्रोजेक्ट म्हणून करायचे. लॅपटॉप वापरा, पण हिशेब लक्षात ठेवा. ४४,१०० च्या सॅम्पलिंगला ५१२ सॅम्पलचा एक बफर म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद उशीर, आणि असा उशीर जाताना-येताना दोन्हीकडे लागतो.

नियम फक्त तीन. एक, रेकॉर्ड केलेलं काहीही वाजवायचं नाही. दोन, तारप्याच्या आवाजाचं सर्किटमधून काय करायचं ते तारपकऱ्याला ऐकवून, त्याच्या संमतीने. त्याला नको असेल तर नको. तीन, त्याचं मानधन साऊंडवाल्यापेक्षा कमी असणार नाही.

फसेल का? पहिल्यांदा फसेलही. स्पीकर शिट्टी मारेल, एखादा आयसी उडेल, बासरीवाला भलतीकडेच जाईल. पण त्या वेळी स्टेजवरचा प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकत असेल. चार वर्षं आपण यंत्रं चालवायला शिकतो. यंत्राला ऐकायला लावणं हे त्याच्या पुढचं शिक्षण, आणि ते कुठल्याच सेमिस्टरला नाही.

मॉड्युलेटरचं सर्किट मी काढून ठेवलंय. सोल्डरिंग येणारे, वाजवणारे आणि नुसते उत्साही, सगळ्यांनी रविवारी रात्री जेवणानंतर मेसमध्ये भेटा. सरांनो, मॅडम, तुम्हीही या. लॅबची किल्ली तुमच्याकडेच असते!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स विभाग