दारावर काय विचारावे?

दारावर विचारलेल्या एका प्रश्नाने माणसाचे भवितव्य ठरावे, असे इतिहासात अनेकदा घडले आहे. बायबलमधील ‘शास्ते’ या पुस्तकात यार्देन नदीच्या उतारावरची कथा येते. पळून जाणाऱ्या एफ्राइमी माणसाला ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास सांगत. ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघे, त्याचा तेथेच वध होई. अमेरिकेतील ‘इंटरनेट२’ या शैक्षणिक संस्थासंघाने आपल्या सिंगल साइन-ऑन प्रणालीला नेमके हेच नाव दिले. तिची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ ही व्यवस्था तिच्याच आधारे आपल्या विद्यार्थ्यांना घरबसल्या ई-नियतकालिके वाचू देते.

या प्रणालीचे मर्म सोपे आहे. विद्यार्थी ई-ग्रंथालयाच्या दारावर येतो. ग्रंथालय त्याला त्याच्या संस्थेकडे पाठविते. संस्था पासवर्ड तपासते आणि डिजिटल स्वाक्षरीचा दाखला देऊन त्याला परत धाडते. पासवर्ड संस्थेबाहेर जात नाही. त्या दाखल्यावर काय लिहावे, हे मात्र संस्थेच्या हाती असते. ‘हा आमचा विद्यार्थी आहे’ एवढे वाक्य ग्रंथालयाला पुरेसे आहे. तरीही सोयीच्या नावाखाली नाव, जन्मतारीख, प्रवर्ग असे सारेच पाठविता येते. वाचावयास आलेल्याची जात ग्रंथालयाला कशासाठी हवी? अनावश्यक माहिती पाठविणे ही तांत्रिक चूक नव्हे. तो अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून कोणत्याही शिक्षणसंस्थेने ही व्यवस्था स्वीकारण्यापूर्वी स्वतंत्र सर्व्हरवर तिचा प्रायोगिक नमुना उभारावा. त्यात ओळख पटविणारा एक भाग आणि सेवा देणारा दुसरा भाग असावा. विद्यार्थी काल्पनिक असावेत. खऱ्या मुलांची माहिती प्रयोगासाठी वापरू नये. दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत, कारण दाखल्याची मुदत काही मिनिटांचीच असते. मग तीन गोष्टी तपासाव्यात. दाखल्यातून नेमकी कोणती माहिती बाहेर जाते? एका सेवेतून बाहेर पडल्यावर संस्थेकडील प्रवेशही बंद होतो की उघडाच राहतो? तो उघडा राहिला, तर सामायिक संगणकावर पुढे बसणारा मागच्याच्या नावाने वावरू शकेल. आणि एकच पासवर्ड चोरीस गेल्यास सर्व दारे उघडू नयेत, यासाठी दुसरी पडताळणी आहे काय?

आपले अनेक माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात आहेत. त्यांनी आपापल्या गावच्या शाळा-महाविद्यालयांसाठी असा नमुना उभारून शिक्षकांना व पालकांना दाखवावा. किल्ली एक असण्यास हरकत नाही. पण दारावर विचारला जाणारा प्रश्न न्याय्य आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार आत जाणाऱ्यालाही असला पाहिजे.