ओलीचा हिशेब ठेवणारा माणूस

आज वेळ अमावास्या. होटगी स्टेशन सोडून विजापूरकडे वळणाऱ्या गाडीतून पाहावे, तर गाव ओस आणि शिवार माणसांनी भरलेले. निसवलेल्या शाळूत कडब्याची खोप, आत चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांचे पांडव, अंबिलाचे मडके, भज्जी आणि उंडे. कानडी बोलणारी घरे हिला एळ्ळु अमावास्या म्हणतात. दोन्ही भाषांतली माणसे आज एकाच बांधावर जेवतात.

अंबील शिंपडायला वावरात उतरले की पायाखाली भेगा लागतात. पाऊस जाऊन अडीच-तीन महिने झालेले असतात, तरी शाळू हिरवा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानाने जेवढी ओल पोटात घेतली, तेवढ्यावरच त्याला कणसापर्यंत पोहोचायचे असते. या ओलीचा शास्त्रीय हिशेब ज्यांनी सोलापुरात बसून मांडला, त्या एन. व्ही. कानिटकरांची आठवण आजच्या दिवशी काढायला हवी.

सोलापूरचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. आकडा वाईट नाही. पण हा पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आला की धो धो कोसळून मातीसकट ओढ्याला जातो. १८७६च्या दुष्काळाने या मुलखाची काय दशा केली ते सर्वश्रुत आहे. कोरडवाहू शेतीवर पद्धतशीर प्रयोग मात्र १९२३ साली पुण्याजवळच्या मांजरीत, संशोधक ताम्हणे यांनी एका छोट्या तुकड्यावर सुरू केले. कानिटकरांनी त्यातून व्यापक योजना आखली. १९३३मध्ये तिला तत्कालीन इंपीरियल कृषी संशोधन परिषदेचे पैसे मिळाले आणि सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक अशी पाच केंद्रे उभी राहिली.

सोलापूरच्या केंद्रात त्यांनी मोजले काय? वाहून जाणारे पाणी, त्याबरोबर जाणारी माती आणि जमिनीत उरणारी ओल. त्यावरून शिफारस निघाली : उताराला आडवे बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, शेणखत द्या, बी कमी टाका, ओळींत अंतर जास्त ठेवा आणि कोळपत राहा. हीच पुढे ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली गेली. यातले बरेचसे शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक होते. आमच्या मते कानिटकरांचा मोठेपणा इथेच आहे. शेतकऱ्याची रीत त्यांनी अडाणीपणा म्हणून बाजूला सारली नाही, तिला मापाला लावले. अनुभव त्यांनी १९४४च्या ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ या ग्रंथात नोंदवले.

या पद्धतीने उत्पन्न वाढले ते साधारण १५ ते २० टक्के. गौरवाच्या भरात हा आकडा लपवू नये. आधीच तुटपुंजे पीक, त्यावर एवढीशी वाढ, आणि बांधबंदिस्तीचा खर्च. म्हणून पुष्कळांनी ती पूर्ण स्वीकारली नाही. पण ज्या घराला एक पोते कमी पडले की बैल विकावा लागे, त्या घराला त्या एका पोत्याची किंमत विचारावी.

त्याच काळात मोहोळच्या केंद्रावर निवडीने शाळूची मालदांडी ३५-१ ही जात आली. तिचे नाव आजही बाजारात चालते, भाकरी खाणाऱ्यालाही ठाऊक असते. बियाण्याला नाव मिळते, ओलीला मिळत नाही. कानिटकरांची ओळख म्हणूनच पुसट झाली असावी.

त्यांच्यानंतरही ते काम थांबले नाही. आज राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस सांगते : तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्यात पासेचे, आठव्यात दातेरी. पहिल्याने तण जाते, दुसऱ्याने वरची माती भुसभुशीत होऊन ओल उडत नाही, तिसऱ्याने भेगा बुजतात.

उजनी धरणाचे पाणी जिथे पोहोचले तिथे शाळूची जागा उसाने घेतली. ज्याला पाणी मिळाले त्याने ऊस लावला, त्याला दोष कसा द्यावा? पण कालव्यापासून दूर राहिलेली रानेही याच जिल्ह्यात आहेत, आणि तिथे दातेरी कोळपे धरायला माणूस मिळत नाही. ज्यांची तिसरी कोळपणी यंदा मजुराअभावी राहून गेली, त्यांच्या रानात अंबिलाचा शिंतोडा आज सरळ भेगेत उतरेल.