तांडेल "नाही" म्हणाला तर?

मंडळी, खोल समुद्रात गळ टाकायला जायची हल्ली भलतीच हौस आली आहे. मालवण नाहीतर गोवा गाठायचं, दिवसभरासाठी होडी ठरवायची, चार मित्र जमवायचे की झालं! आणि तयारी म्हणजे काय, तर खरेदी. रॉड, रीळ, भारीतला गॉगल, पाण्यात चालणारा कॅमेरा, बर्फाची पेटी. माझं स्पष्ट मत आहे, याला तयारी म्हणू नये. खरी तयारी एकच. तांडेल "आज नको" म्हणाला, तर निमूट माघारी फिरायची. ती नसेल तर बाकीचं सामान दुकानातच शोभतं.

"आम्ही पैसे मोजलेत" हे वाक्य किनाऱ्यावर फार ऐकू येतं. पैसे होडीचे मोजलेत, वाऱ्याचे नव्हेत. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केले होते ना? पहाटे जमिनीकडून मतलई वारे सुटतात, दुपारी समुद्राकडून खारे वारे जोर धरतात आणि पाणी उसळू लागतं. म्हणून तांडेल अंधारात बोलावतो. आपण रात्री उशिरापर्यंत 'बसतो', सकाळी आठला उगवतो आणि वर "ठरलेले तास पुरे करा" असा हट्ट धरतो!

पावसाळा संपला की धोका संपला, ही दुसरी समजूत. ओखी वादळ २०१७ च्या नोव्हेंबरअखेर आलं, म्हणजे ऐन पर्यटनाच्या हंगामात. केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून जास्त होड्या तेव्हा देवगडला आश्रयाला आल्या. त्या होड्यांवर जन्मभर समुद्र पाहिलेली माणसं होती. तौक्ते आलं ते मे २०२१ मध्ये. तेव्हा हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी आणि निघताना, असा दोनदा बघावा.

आता जाकिटाबद्दल. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी होडी उलटली, दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने 'नीलकमल' बुडाली. होडी का बुडते हा प्रश्न वेगळा. पाण्यात पडल्यावर जाकीट अंगावर आहे की बाकाखाली, हा प्रश्न वेगळा. फोटो चांगला येत नाही म्हणून ते काढून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं?

बाकी गोष्टी साध्या आहेत. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर नव्हे. गळाची दोरी हाताला कधीही गुंडाळू नये, मोठा मासा लागला तर बोट कापलं जातं. होडीवरच्या सर्वांची नावं आणि परतीची वेळ किनाऱ्यावर कुणाकडे तरी लिहून ठेवावी. आत गेल्यावर मोबाइलची रेंज जाते, म्हणून होडीवर बिनतारी संच आहे का, चालतो का, हे विचारावं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरच्यांकडे असावा.

"गुरुजी, इतकं घाबरायचं तर मजा कसली?" असं कुणी म्हणेलच. त्यांना माझा उलट प्रश्न. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्याला हात जोडतात. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदीही असते. पोट अवलंबून असणारे महिनोन्‌महिने थांबतात, आणि केवळ हौस असणाऱ्यांना एक दिवस थांबवत नाही?

आणि तांडेल "नाही" का म्हणत नाही, याचाही विचार करा. फेरी रद्द झाली तर त्याचा दिवस बुडतो, खलाशांची मजुरी बुडते. मग गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की तो मनाविरुद्ध दोर सोडतो, आणि आपल्याबरोबर त्याचीही माणसं धोक्यात जातात. म्हणून होडी ठरवतानाच सांगावं, "हवा बिघडली आणि तुम्ही नको म्हणालात, तरी निम्मे पैसे तुमचे." नव्या रीळापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे. तांडेलाला "नाही" म्हणणं परवडलं पाहिजे. ते परवडेल अशी सोय करणं, ही आपली पहिली तयारी.