शाळेत तेलाचा फलक, पण घरच्या दस्तरखानाचे काय?

२०२५ च्या सुरुवातीला पंतप्रधानांनी स्वयंपाकातले तेल १० टक्क्यांनी कमी करा, असे आवाहन केले. जुलैमध्ये सीबीएसईने शाळांना तेलाची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. पाऊल चांगलेच आहे. पण फळ्यावरचे सगळेच घरी पोहोचत नाही, हे आम्हा शिक्षकांइतके कुणाला ठाऊक?

आमच्या वर्गातला एक मुलगा आठवड्यातून तीनदा मधल्या सुट्टीतच निघतो. अब्बूंना डायलिसिसला न्यायचे असते. पंधरा वर्षांची शुगर, पण लघवीची तपासणी कधी केलीच नाही. पायाला सूज आली तेव्हा दवाखाना गाठला, तोवर उशीर झाला होता. डायलिसिस सरकारी योजनेतून मोफत होते. पण बुडालेली रोजी, रिक्षाचे भाडे आणि पोराचा अभ्यास कुठल्या योजनेत बसतो?

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. किडनीचे सर्वात मोठे शत्रू दोन, शुगर आणि ब्लड प्रेशर. मग तेला-तुपाचा संबंध काय? जादा चरबी पोटावर साठते, इन्सुलिनचे काम बिघडते, ब्लड प्रेशर वाढते आणि किडनीच्या गाळणीवर ताण येतो.

मात्र एक गोष्ट सरळ सांगायला हवी. किडनीच्या सुमारे ९ हजार रुग्णांवर झालेल्या 'शार्प' या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली आले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनी हार्ट अटॅक, लकवा असे धोके सुमारे १७ टक्क्यांनी घटले, पण किडनी खराब होण्याचा वेग काही कमी झाला नाही. म्हणजे चरबी आवरली की मुख्यतः हृदय वाचते, आणि किडनीचे कितीतरी रुग्ण हृदयविकारानेच दगावतात. पण 'तेल सोडले, आता गोळ्या कशाला?' हा हिशोब चुकीचा. तेल कमी करून पाव, खारी आणि गोड चहा वाढवला तर तोही तोटाच.

मग करायचे काय? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने २००० कॅलरीच्या आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप पुरते. पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला साधारण साडेचार लिटर. आपल्या घरी किती डबे लागतात, आजच मोजा. निहारीवरची तर्री काढून ठेवा, बिर्याणीत डालडा नको, इफ्तारला रोज समोसे-भजी नकोत. पापड-लोणच्याचे मीठही आवरा. दावत बंद करा असे आम्ही म्हणत नाही. वलीम्याची बरकत तेलात नसते, एवढेच म्हणतो.

आणि ज्यांना शुगर किंवा बीपी आहे, त्यांनी वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी करावी. क्रिएटिनिन बऱ्याचदा उशिरा वाढते, लघवी आधी इशारा देते. किडनीच्या रुग्णांनी रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे; आजारी माणसाला दीनने सवलत दिलेलीच आहे.

शाळेतला फलक मुले वाचतीलच. घरी येऊन त्यांनी विचारले, 'अम्मी, आपल्याकडे महिन्याला किती तेल लागते?' तर त्यांना गप्प बसवू नका.