आधी बूट, मग फोटो

क्रूझचं बुकिंग झालं की आपण सगळ्यात आधी काय करतो? रील्स बघतो. 'सात दिवस, सात लुक्स.' डेकवर उडणारा मॅक्सी ड्रेस, फॉर्मल नाइटला हील्स, ग्लेशियरसमोर पांढरंशुभ्र जॅकेट. मीही तेच केलं. दादा सिएटलला असतो. आई-बाबा त्याच्याकडे गेले होते, मीही सुट्टी काढून पोहोचले आणि जुलैत आम्ही चौघं अलास्काच्या क्रूझला निघालो. माझी बॅग जेमतेम बंद होत होती. आईच्या पायात मात्र नेहमीच्या सँडल्स. बूट घेऊया म्हटलं तर म्हणाली, "साडीवर बूट कसे दिसतील गं?" आणि मीसुद्धा म्हटलं, "हो ना, फोटोत विचित्रच दिसेल."

त्या आठवड्यानंतर माझं एक मत पक्कं झालंय. क्रूझची बॅग कपड्यांपासून नाही, पायांपासून भरायला घ्या. तीही फक्त स्वतःच्या नाही, सोबत येणाऱ्या सगळ्यांच्या.

कारण एकाच आठवड्यात तुम्हाला तीन ऋतू भेटतात. सिएटलला चक्क ऊन, पारा पंचविशीला. जूनोला 17-18 अंश. आकडा ऐकून वाटतं, हे तर आपलं महाबळेश्वर! पण बोट समुद्रात ताशी 30-35 किलोमीटरने पळते तेव्हा डेकवरचा वारा कान बधिर करतो, आणि बर्फावरून येणारा वारा तर हाडांत शिरतो. पुढे केचिकन. तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणासारखाच. फरक एवढाच की, कोकणात भिजलं तर मजा येते, इथे हुडहुडी भरते.

जूनोला मेंडनहॉल ग्लेशियर बघायला गेलो आणि पाऊस सुरू झाला. जवळच्या धबधब्यापर्यंत सोपी पायवाट आहे, जाऊन-येऊन साधारण तीन किलोमीटर. पण आईच्या सँडल्स, मोजे सगळं ओलंचिंब. "तुम्ही जाऊन या, मला इथून काचेतूनही छान दिसतंय," म्हणून ती व्हिजिटर सेंटरमध्येच बसली. कारण सांगितलं गुडघ्याचं. खरं कारण मला ठाऊक होतं. पुढच्या बंदरावर दादानं तिला बूट घेऊन दिले, तर दुसऱ्या दिवशी टाचेला फोड!

म्हणून सांगते, बूट महिनाभर आधी घ्या. पाणी आत न शिरणारे, चांगली पकड असलेले. संध्याकाळी घ्यायला जा, तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालूनच माप बघा आणि रोज सकाळी तेच घालून फिरायला जा. प्रवासात बूट पायातच ठेवा, बॅगेतलं वजन वाचतं. डिनरसाठी एक सपाट जोड पुरे. बोट हलत असताना हील्सवर चालणं म्हणजे सर्कस.

कपड्यांचं गणित सोपं आहे. एकच जाडजूड कोट नको, थर हवेत. आत थर्मल, वर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर टोपीवालं रेनजॅकेट. ऊन आलं की एकेक काढत जायचं. जीन्स एखादीच घ्या, भिजली तर वाळता वाळत नाही. छत्रीच्या भरवशावर राहू नका, वारा ती उलटी करतो. फॉर्मल नाइटसाठी वेगळी खरेदी कशाला? आईची काठापदराची साडी माझ्या गाऊनपेक्षा जास्त भाव खाऊन गेली.

आणि एक, शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि बूट बाजूला काढल्याशिवाय बॅग बंद करू नका. आमचे बाबा बोटीवरून उतरले ते स्लीपर्स घालून!

तुम्ही म्हणाल, आयुष्यात एकदाच जातो, मग फोटो नकोत का? हवेत की. मीही भरपूर काढले. मेंडनहॉलच्या धबधब्यासमोरचा तर सगळ्यात भारी आलाय. फक्त त्यात आम्ही तिघंच आहोत.

आपल्या आया 'मला काही नको' म्हणण्यात पटाईत असतात, आणि ते आपल्याही सोयीचं असतं. तर या रविवारी स्वतःच्या जॅकेटची ऑर्डर जरा थांबवा. आईला बुटांच्या दुकानात घेऊन जा. साडीवर बूट कसे दिसतील, असं तिनं विचारलं तर सांगा, मस्त दिसतील.