नोकरी बदलावी, पण केव्हा?

पुणे, प्रतिनिधी - राजीनाम्याचा विचार हिंजवडीत नवा नाही; त्यातील धोका मात्र वाढला आहे. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसमधील कर्मचारी सोडून जाण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेले होते. पुढे २०२३-२४ या आर्थिक वर्षात त्याच कंपनीची कर्मचारीसंख्या सुमारे २६ हजारांनी, तर टीसीएसची १३ हजारांनी घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांच्या कपातीची घोषणा केली. तिचा रोख प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीवर होता.

याचे कारण या व्यवसायाच्या रचनेत आहे. प्रकल्प संपून 'बेंच'वर आलेला कर्मचारी सेवा कंपनीच्या दृष्टीने निव्वळ खर्च असतो आणि पगार जितका मोठा, तितका तो खर्च अधिक खुपतो. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असण्याची आणि बेंचवरील काळ ३५ दिवसांपुरताच राहण्याची अट घातली, ती याच हिशेबाने. त्यामुळे नव्या नोकरीचा शोध प्रकल्प हातात असतानाच सुरू करणे शहाणपणाचे. बेंचवर आल्यानंतर पगाराची घासाघीस करण्याचे बळ उरत नाही, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते ओळखायला वेळ लागत नाही.

अनेक कंपन्यांत असलेली नव्वद दिवसांच्या नोटिशीची अट तेजीत केवळ कटकट ठरते. मंदीत तिचा सापळा होतो. राजीनामा देऊन तीन महिने काढायचे आणि तेवढ्यात नव्या कंपनीने रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली, तर कर्मचारी अधांतरी राहतो. २०२२ मध्ये इन्फोसिसची नियुक्तिपत्रे मिळालेल्या काही नवपदवीधरांना रुजू होण्यासाठी दोन वर्षे ताटकळावे लागले होते. अनुभवी माणसाच्या डोक्यावर तर घरकर्जाचा हप्ताही असतो.

ग्रॅच्युइटीचा हिशेब मात्र निघण्याच्या घाईत राहून जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांसाठी सेवेची अट एका वर्षावर आणली. कायम कर्मचाऱ्यांसाठी ती पाच वर्षेच आहे. ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे अखेरचे मासिक वेतन ५२ हजार असेल, तर दर वर्षामागे १५ दिवसांचे, म्हणजे ३० हजार रुपये होतात. पाच वर्षांचे दीड लाख. चार वर्षे दोन महिन्यांनी निघणाऱ्याला यातील काहीच मिळत नाही. नव्या ठिकाणची वाढ कर वजा जाता दरमहा पंधरा हजारांहून अधिक असेल, तरच उरलेल्या दहा महिन्यांत हे नुकसान भरून निघते. वाढ पाच हजारांची असेल, तर त्याला अडीच वर्षे लागतात.