बघ्यांची मोजदाद

रविवारची गोष्ट. वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही सात-आठ जण बसलेलो. विज्ञानावर पाच बैठका घ्यायच्या, त्यांचे विषय ठरवायचे होते. एका पोराने मोबाईल पुढं केला. म्हणाला, दादा, डोकं कशाला शिणवता? इंग्रजी विकिपीडियावर भौतिकशास्त्राच्या पानांची यादीच निघते. कुठलं पान महिन्यात किती वेळा उघडलं, त्यावरून नंबर. वरचे पाच घ्या नि मोकळे व्हा. लोकांना तेच पाहिजे.

यादी पाहिली. वरच्या अंगाला माणसांचीच गर्दी. आइनस्टाईन, ओपेनहायमर, हॉकिंग. माझं टाळकं सरकलं. गेल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीत पत्र्याच्या भिंतीत करंट उतरला नि एक पोरगा चिकटला. कुणीतरी फळी मारून सोडवला म्हणून वाचला. मी विचारलं, या यादीत अर्थिंगचा नंबर कितवा? कुणी बोललं नाही.

दोस्तांनो, हा नंबर बनतो कसा ते आधी नीट बघा. विकिपीडियाची पानं किती वेळा उघडली याचे आकडे जुलै 2015 पासून सगळ्यांना खुले आहेत. यंत्रांच्या भेटी शक्य तेवढ्या वेगळ्या काढतात. पण मोजतात ते पान उघडणं, माणूस नव्हे नि समज तर नव्हेच. एकाने दहादा उघडलं तर दहा. एका मोबाईलभोवती सहा डोकी जमली तर एक. दोन सेकंदांत पळाला तो एक, नि रात्रभर समीकरणाशी झटला तोही एकच. साला, याला लोकांची आवड म्हणायचं?

नि ही आवड येते कुठून? मार्च 2018 मध्ये हॉकिंग वारला, त्याच्या पानावर झुंबड उडाली. जुलै 2023 मध्ये ओपेनहायमरवर सिनेमा आला. त्या वर्षी इंग्रजी विकिपीडियावर सर्वांत जास्त पाहिलेल्या पहिल्या दहा पानांत ओपेनहायमर जाऊन बसला. अणूचं केंद्रक फुटतं कसं, हे त्या वर्षी बदललं होतं काय? बदलली ती तिकीटबारी. प्रस्थापितांचा बाजार ज्याच्याकडे बोट दाखवतो, तिकडे माना वळतात. मग त्या माना मोजून बाजारच आपल्याला सांगतो, बघा, जनतेची मागणी!

पण शेवटच्या नंबराचं दुःख कमीच. खरं दुःख नंबरच नसण्याचं. डोना स्ट्रिकलंड ही कॅनडातली भौतिकशास्त्रज्ञ. लेसरचे अतितीव्र, अतिसूक्ष्म स्पंद कसे काढायचे ते काम तिने नि जेरार मुरूने 1985 मध्ये मांडलं. मुरूचं पान विकिपीडियावर होतं. स्ट्रिकलंडच्या पानाचा मसुदा 2018 च्या मे महिन्यात परत पाठवला गेला. कारण काय, तर तिची दखल घ्यावी एवढे पुरावे जोडलेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये दोघांना नोबेल मिळालं. मग पान झालं, मग गर्दी झाली. आदल्या दिवशी ती कितव्या नंबरावर होती? कुठल्याच नाही. यादी उतरंड दाखवते. उतरंडीबाहेर कोण उभं आहे, ते दाखवत नाही. हे आम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?

मेघनाद साहा घ्या. 1893 चा जन्म, ढाक्याजवळच्या खेड्यात. बाप किराणा दुकानदार, जात खालची मानलेली. कलकत्त्याच्या वसतिगृहात काही पोरांनी त्याच्या पंगतीला बसायला नकार दिला. त्याच साहाने 1920 मध्ये समीकरण मांडलं. तापलेल्या वायूतल्या किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, ते तापमान नि दाब यांवरून काढता येऊ लागलं. ताऱ्याचा प्रकाश वाचायची किल्लीच ती. तिच्याच जोरावर सेसिलिया पेन या तरुणीने 1925 च्या प्रबंधात दाखवलं, की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. त्या वेळचा मोठा ज्योतिर्विद हेन्री नॉरिस रसेल म्हणाला, अशक्य. पोरीला आपला निष्कर्ष मऊ करावा लागला. चार वर्षांनी रसेलनेच मान्य केलं. त्या चार वर्षांत मतं मोजली असती तर पेन हरली असती. पण तारे मतदानाने पेटत नाहीत.

एवढं बोलून मी म्हटलं, फाडा ती यादी. तेव्हा तेच पोरगं शांतपणे म्हणालं, दादा, तुम्ही एकच रकाना वाचला. शेजारी अजून दोन आहेत. एकात पानाचा दर्जा, दुसऱ्यात विषयाचं महत्त्व.

मी चाट पडलो. खरंच होतं. भौतिकशास्त्राची पानं सांभाळणारे स्वयंसेवक ही यादी शर्यतीसाठी वापरत नाहीत. कुठल्या पानावर गर्दी आहे नि पान मात्र कच्चं आहे, हे कळावं नि तिथं आधी हात घालावा, म्हणून ती आहे. म्हणजे खोट यादीत नव्हती. खोट वाचण्यात होती, नि रागाच्या भरात ती मीही केली. हत्यार कुणी बनवलं यापेक्षा ते कुठल्या टोकाने धरायचं, हे महत्त्वाचं.

म्हणून आम्ही ठरवलं. पहिली बैठक अर्थिंगची. घरातल्या 230 व्होल्टमधला करंट गळाला तर अंगातून जाण्याऐवजी तारेने जमिनीत का जातो, नि 30 मिलिअँपिअरची गळती लागली की तो खटका घरची लाईन का तोडतो, हे वायरमनच्या तोंडून ऐकायचं. दुसरी साहाच्या समीकरणाची. बाकी तीन विषय वस्तीला विचारून.

नि एक काम तुम्हाला. मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे. तिथं लिहायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. लागतो पुरावा नि लागते मेहनत. भौतिकशास्त्राचं जे पान दोन ओळींवर अडलंय ते पुरं करा, जे नाही ते सुरू करा. महिन्याला चारच जणांनी उघडलं तरी चालेल. त्या चारांतलं एखादं पोरगं पावसाळ्यात पत्र्याला हात लावण्याआधी थांबलं, तर तो आकडा कुठल्याच यादीत येणार नाही. आपण मात्र तोच मोजायचा.